बादलचं जेवण आणि पंचशीला सिस्टर

पंचशीला सिस्टर ड्युटीवरून घरी आली की कुणाशी बोलायच्या आधी मोरीत जायची. चपला दाराबाहेर, पर्स खुंटीला आणि मग कोपरापर्यंत हात धुणं. दवाखान्यातून निघताना एकदा धुतलेले असायचेच, घरात पाऊल टाकल्यावर पुन्हा. एकतीस वर्षांची सवय होती ती. साबणानं तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. थंडीत त्यातून रक्त यायचं. खोबरेल तेल लावायची, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ती मूळची हदगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. आई-बाप दोघं रोजानं जाणारे. दहावी झाल्यावर शाळेतल्या मास्तरांनी नर्सिंगचा फॉर्म आणून दिला म्हणून ती नांदेडला आली, शिकली आणि घराण्यातली पहिली पगारदार झाली. पहिली नेमणूक नायगावला मिळाली. तिथं तिनं एक खोली भाड्यानं घेतली होती. वाड्यात नळ एकच. पंचशीला पाणी भरून गेली की घरमालकीणबाई तोटीवर तांब्याभर पाणी ओतायच्या आणि मगच आपली घागर लावायच्या. तोंडानं कधी काही बोलल्या नाहीत. सणाला लाडूसुद्धा द्यायच्या, वरून टाकल्यासारखे. पंचशीलानं भांडण केलं नाही. ती स्वतःच आधी आणि नंतर तोटी घासून ठेवायला लागली. कुणाला बोट ठेवायला जागाच राहू नये, हे तेव्हापासून तिच्या अंगात मुरलं ते मुरलंच. पुढं नांदेडला बदली झाली, घर बांधलं, तर त्या घराच्या फरशीवर सांडलेला भात उचलून खावा असं शेजारच्या बायका म्हणायच्या.

नवरा आनंदराज पाटबंधारे खात्यात लिपिक होता. दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला आणि महिन्याभरात माणूस पार उतरला. एकच पेपर दोनदा वाचायचा, भाजीवाल्याशी हुज्जत घालायचा, दुपारी भिंतीकडं तोंड करून पडायचा. त्याची आई उमाबाई ऐंशीची, तिची खाट पुढच्या व्हरांड्यात. ती लेकाकडं बघून गप्प बसायची. पंचशीलानं लेकीला, लुंबिनीला, फोनवर सांगितलं की पप्पांना काहीतरी विरंगुळा पाहिजे. लुंबिनी लातूरला बँकेत होती. दिवाळीला येताना ती उदगीरकडून कारवान जातीच्या शिकारी कुत्र्याचं एक पिल्लू घेऊन आली. धुरकट रंगाचं, काटक्यांसारखे पाय, लांब तोंड. आनंदराजनं त्याचं नाव बादल ठेवलं.

बादलनं घर बदलून टाकलं हे पंचशीलाही नाकारत नव्हती. आनंदराज पहाटे उठून त्याला गोदावरीच्या घाटाकडं पळवायला न्यायला लागला. उमाबाई तर त्याच्याशी तासन्‌तास बोलायची. तो तिच्या खाटेला चिकटून बसायचा आणि ती त्याच्या कानामागं खाजवायची.

वर्षाचा झाला आणि बादलच्या अंगावरचे केस गळायला लागले. पाठीवर चट्टे पडले, तो खाजवून खाजवून रक्त काढायचा. पाकिटातलं खाणं बदलून पाहिलं, मलमं लावली, काही फरक पडेना. मग आनंदराजला मोबाइलवर कुत्रं पाळणाऱ्यांचा एक गट सापडला. तिथं सगळे सांगत होते की कुत्रा मूळचा जंगलातला प्राणी, त्याला कच्चं मटण घाला. त्यानं घातलं. तीन आठवड्यांत चट्टे भरले, महिन्याभरात अंगावर चमक आली. आता त्याला कोण काय सांगणार? बादल डोळ्यांसमोर बरा झाला होता.

मग एकाआड एक दिवस आनंदराज खाटकाकडून पिशवी भरून आणायला लागला. कोंबडीचे पंजे, माना, कलेजी, कधी बोकडाची वजडी. त्याचे वाटे करून फ्रीजरमध्ये ठेवायचा. सकाळी एक वाटा काढून ओट्यावर ठेवला की तासाभरात त्याचा बर्फ सुटायचा. मग आनंदराज ते मटण नळाखाली खळखळून धुवायचा, आणि बादलची थाळी उमाबाईच्या खाटेपाशी. बादल थाळीत कधी खायचा नाही. एकेक तुकडा उचलून फरशीवर न्यायचा, पंजाखाली धरून तोडायचा. खाणं झालं की तोंड तसंच घेऊन म्हातारीच्या हाताशी यायचा.

पहिल्या आठवड्यात पंचशीलानं नवऱ्याला सगळं नीट सांगितलं होतं. वेगळा चाकू, कापायची वेगळी पाटी, मटण फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात, झाकून. त्यानं मान डोलावली. दोन दिवस पाळलं. तिसऱ्या दिवशी त्याच चाकूनं त्यानं टमाटे कापले. ती बोलली तर म्हणाला, धुतलाय की. ती पुन्हा बोलली तर म्हणाला की फ्रीजरमध्ये सगळे जंतू मरतात, गटावर वाचलंय. थंडीनं जंतू मरत नाहीत, झोपतात, हे तिनं सांगितलं. त्यानं ऐकलं आणि सोडून दिलं.

त्यानंतर ती बोलायची थांबली आणि करायला लागली. आठ तास वॉर्डात उभं राहून यायचं, हात धुवायचे आणि पदर खोचून ओटा, सिंक, व्हरांड्याची फरशी आधी साबणानं, मग ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसून काढायची. वॉर्डात शिकाऊ मुलींना हेच शिकवायची, घरी येऊन हेच करायची. मधल्या वेळात फक्त रिक्षा असायची.

एके दिवशी तिच्याबरोबर काम करणाऱ्या सौदामिनी सिस्टर मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आल्या. नेमकं त्याच वेळी ओट्यावर वजडी सुटत होती. सौदामिनी सिस्टर उंबऱ्यातच थबकल्या, रुमाल नाकाला लावला आणि बसल्या त्या खुर्चीच्या कडेवर. चहा नको म्हणाल्या, ॲसिडिटी झालीय म्हणाल्या. पाच मिनिटांत गेल्या. एकतीस वर्षं घासलेलं सगळं एका रुमालात गेलं, असं पंचशीलाला वाटलं.

संध्याकाळी तिनं ते आनंदराजला सांगितलं. तो बादलच्या अंगावरून कंगवा फिरवत होता. मान वर न करता म्हणाला, "त्यांना आपल्या घरात वास येणारच, पंचशीला. मटण नसतं तरी आला असता."

खरंही असेल. नायगावच्या नळावर तर मटण नव्हतं. पण वजडीला वास येत होता हेही खरंच होतं. आता मटणाबद्दल तक्रार करायची म्हणजे त्या रुमालाच्या बाजूनं बोलल्यासारखं होणार. तिनं विषय बंद केला. पुढचे पाच-सहा महिने ती नुसती पुसत राहिली, आणि ज्या दिवशी पाठ फार भरून यायची त्या दिवशी पुसायचं राहूनही जायचं.

एप्रिलमध्ये ऊन चढलं तसे लाइटचे हाल सुरू झाले. एकदा सकाळी गेलेली लाइट दुपार उलटून गेल्यावर आली. त्यानंतर दोनच दिवसांनी उमाबाईला ताप भरला. पोटात कळा यायला लागल्या, जुलाब थांबेनात. पंचशीलानं रजा टाकली, मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाडी धरली तर हाताला लागेना. म्हातारीचे डोळे आत गेले होते. तिनं आनंदराजला फक्त रिक्षा बोलवायला सांगितलं. त्यानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तसाच चपला घालून निघाला.

उमाबाईला पंचशीलाच्याच दवाखान्यात ठेवलं. सलाईन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी तपासणीचा कागद आला. डॉक्टरांनी तो तिच्याच हातात दिला. जंतूचं नाव तिनं वाचलं. शिकाऊ मुलींच्या वर्गात फळ्यावर ती हे नाव लिहायची, समोर कंसात लिहायची: कच्चं मांस, अंडी, न धुतलेले हात. डॉक्टरांनी विचारलं, आजीनं बाहेरचं काही खाल्लं होतं का? पंचशीला म्हणाली, आजी दोन वर्षांत फाटकाबाहेर गेलेल्या नाहीत. डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचा कागद उघडला. तेच तिला जास्त लागलं.

त्या दुपारी ती कपडे आणायला घरी आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. रोजचं घर म्हणून नव्हे, तपासणीला आलेल्या माणसासारखं तिनं ते पाहिलं. सिंकच्या शेजारी धुतलेल्या भांड्यांची जाळी, तिथंच म्हातारीचा पेला. ओट्यावर एकच फडकं. फ्रीज उघडला तर लाइट गेली त्या दिवशी वरच्या फ्रीजरमधून लालसर पाणी ओघळून खालच्या ताकाच्या पातेल्याच्या झाकणावर वाळलं होतं. व्हरांड्यात खाटेच्या पायाशी कोंबडीच्या पंजाचं एक नख पडलेलं. जंतू कुठून आत गेला हे शोधायला ती आली होती. कुठून गेला नसेल, एवढंच आता शोधायचं राहिलं होतं.

तिला रडू आलं नाही. ती तिथंच स्टुलावर बसली आणि बराच वेळ उठावंसंच वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुंबिनी लातूरहून येऊन आजीजवळ बसली, म्हणून दोघं नवरा-बायको घरी आले. वाटेत पंचशीलानं किराणा दुकानातून खायच्या केशरी रंगाची पुडी घेतली, जिलेबीत घालतात ती. घरी आल्यावर तिनं बादलचा वाटा फ्रीजरमधून काढला, तो सुटल्यावर एका पातेल्यात घेतला, त्यात पुडी रिकामी केली आणि चमच्यानं कालवलं. आनंदराज बघतच राहिला. ती म्हणाली, "तुम्ही रोज घालता तसंच घाला. काही बदलू नका. मी इथं बसते."

आई दवाखान्यात आणि हिचं हे काय चाललंय, असं त्याच्या तोंडावर आलं होतं. पण तिच्या आवाजात भांडण नव्हतं. त्यानं रोजच्यासारखं केलं. पातेलं सिंकमध्ये ठेवलं, नळ सोडला, मटण धुतलं. मग थाळीत काढलं, हात पाण्याखाली धरून झटकले, फडक्याला पुसले. मध्येच लुंबिनीचा फोन आला, तो घेतला. बादलला थाळी दिली. फ्रीजमधून पाण्याची बाटली काढून प्यायला. मग सवयीनं मिशीवरून हात फिरवला आणि खुर्चीत बसला.

"चला," पंचशीला म्हणाली.

तिनं त्याला नळाची तोटी दाखवली. मग जाळीतली भांडी. पेल्यावर, ताटांवर, चमच्यांवर बारीक बारीक केशरी शिंतोडे उडाले होते. ते त्याला वाकून बघायला लागले. मग फडकं, फ्रीजचं हँडल, बाटलीचं बूच, मोबाइलची काच. आरशापाशी नेऊन तिनं त्याला त्याची मिशी दाखवली. पांढऱ्या केसांत केशरी रेघ.

शेवटी ती त्याला व्हरांड्यात घेऊन गेली. बादलचं खाऊन झालं होतं. खाट रिकामी होती. तो खाटेजवळ उभा राहून म्हातारीच्या गोधडीत तोंड खुपसून हुंगत होता, ती कुठं गेली ते शोधत होता. जिथं उमाबाईचा उजवा हात असायचा, त्याच जागी गोधडीवर केशरी डाग पसरला होता.

आनंदराज खाटेवर बसला. म्हणाला, "मी तर धूत होतो. रोज धूत होतो."

"धुण्यानंच उडलं," ती म्हणाली. "तुमचं एकट्याचं न्हाई. मला दिसत होतं. आठ महिने दिसत होतं. एकदा बोलले, दोनदा बोलले. मग बोलले न्हाई, कारण बोलले तरी ते काम माझ्याच अंगावर पडत होतं. मला होईना झालं हो."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. मला होईना झालं, हे ती त्याच्याजवळ पहिल्यांदा बोलली होती. आनंदराजनं मान खाली घातली. बादल आळीपाळीनं दोघांच्या गुडघ्यांना नाक लावत होता. तिनं त्याला ढकललं नाही, जवळही घेतलं नाही.

त्या दिवशी ओटा आनंदराजनं पुसला. तिनं आधी साबण, मग ब्लीचिंग एवढंच सांगितलं आणि आत जाऊन पडली. ताकाचं पातेलं त्यानं मागच्या नालीत ओतलं, हे तिला आवाजावरून कळलं.

लुंबिनी म्हणाली की बादलला परत नेते, उदगीरला देऊन टाकते. आपण आणलं म्हणून हे झालं, असं तिनं मनाला लावून घेतलं होतं. पण उमाबाई शुद्धीवर आली ती बादलचंच विचारत. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण कान शाबूत होते, आडून आडून चाललेलं बोलणं तिनं ऐकलं असावं. ती पंचशीलाचा हात धरून म्हणाली, "कुत्र्याला कुटं धाडू नगा. त्या मुक्या जनावराला काय ठावं हाय? तुमी शिकलेले हाव ना घरात एवढे."

पंचशीला हो म्हणाली. आणखी काय म्हणणार?

आनंदराज मग चन्नबसप्पांकडं गेला. ते निलंग्याकडचे, गुरांचे डॉक्टर म्हणून निवृत्त झालेले, दोन गल्ल्या सोडून राहायचे. जन्मात मांसाला हात न लावलेला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, कातडी सुधारली ती पाकीट बंद केल्यामुळं, कच्चं घातल्यामुळंच असं धरून चालू नका. शिजवून घाला, तेवढंच लागू पडेल. फक्त शिजवलेलं हाडूक द्यायचं नाही, त्याचे अणकुचीदार तुकडे होतात, आतडं फाटतं. बिनहाडाचं घ्या, त्यात ज्वारीच्या कण्या टाका. "आमच्या बाजूला कारवान कण्यांवरच वाढतात, साहेब," ते म्हणाले. "सशामागं पळतात ते पळतातच."

मागच्या अंगणात आनंदराजनं तीन विटा मांडल्या, नंतर एक जुनी शेगडी आणली. मोबाइलवरचा तो गट त्यानं सोडला नाही, पण तिथं काही लिहायचंही सोडलं. पहिल्या दिवशी शिजवलेलं बादलनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तो थाळीपाशी बसून आनंदराजकडं असा बघायचा की आनंदराजला घास उतरेना. तो दोनदा फाटकापर्यंत गेला, खाटकाकडं जायला, आणि परत आला. पंचशीला ते खिडकीतून बघत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी बादलनं थोडं खाल्लं, मग सगळं खाल्लं. आनंदराज तिला सांगायला आत आला तेव्हा ती खुर्चीतच झोपली होती.

उमाबाई नऊ दिवसांनी घरी आली, पण ती पहिली उमाबाई राहिली नाही. पायातलं बळ गेलं. खाटेवरून उठायचं तर दोघांनी धरावं लागे, बाकी सगळं खाटेवरच. खाट आता आतल्या खोलीत आली. बादलला तिथं जायची मुभा होती, पण जेवण झाल्यावर तोंड पुसून. म्हातारीच्या उशाशी पंचशीलानं पाण्याचा तांब्या, साबण आणि घमेलं ठेवलं. कुत्र्याला हात लावला की हात धुवायचे. उमाबाई सुनेला खूश करायला दिवसातून दहादा हात धुवायची. त्वचा कागदासारखी झालेली, साबणानं तिच्याही हाताला भेगा पडल्या. पंचशीला संध्याकाळी स्वतःच्या हातांना तेल लावायची तेव्हा आता सासूचेही हात मांडीवर घेऊन तेल लावायची.

काम कमी झालं नव्हतं. उलट वाढलं होतं. ड्युटी होतीच, वर म्हातारीची चादर, कपडे, अंग पुसणं. वॉर्डात एकदा शिकाऊ मुलींसमोर हात धुण्याच्या पायऱ्या सांगता सांगता ती मध्येच थांबली. मुलींना वाटलं सिस्टर विसरल्या. ती विसरली नव्हती. आपण हे कुणाला सांगतोय, असा तिला प्रश्न पडला होता. मग ती पुढं म्हणाली, "हे तुम्ही एकट्या करत बसू नका. घरातल्या प्रत्येकाला करायला लावा. मी लावलं नव्हतं." मुलींनी तेही वहीत उतरवून घेतलं.

सौदामिनी सिस्टर उमाबाईला बघायला आल्या, त्यांनी चहा घेतला. पंचशीलानं त्यांना बसा म्हटलं, दोन बिस्किटं ठेवली. घरात वास आहे की नाही, त्या हुंगतायत की नाही, हे तिनं या वेळी पाहिलंच नाही. तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती, आणि त्याचं तिला वाईटही वाटलं नाही.

पावसाळा सरत आला तेव्हा एका रविवारी आनंदराजनं आईची ओली चादर पहिल्यांदा स्वतः बदलली. पंचशीला मोरीत कपडे भिजवत होती. त्यानं चादर आणून बादलीत टाकली, कोपरापर्यंत हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, आणि दारातच उभा राहिला.

"ते राहू दे," तो म्हणाला. "मी करतो. तू जाऊन पड."

तिला वाटलं, म्हणावं की तुम्हाला जमणार न्हाई, डाग तसाच राहील. डाग राहणारच होता. ती ओले हात पदराला पुसत उठली, त्याच्या बाजूनं आत गेली आणि पंख्याखाली आडवी झाली. मोरीत चादर आपटल्याचा आवाज येत राहिला. नको तितक्या जोरात आपटत होता. ती उठली नाही.